फिल्टरचा नारळ

“एक वाक्य म्हणायचंय साळूबाई, एकच,” जयसिंगआप्पा म्हणाले. “‘माझ्या हातनं जास्त आवळलं गेलं, म्हणून फुटलं.’ एवढं म्हणा की विषय संपला. मग च्या घेऊ आन् ज्याच्या त्याच्या कामाला जाऊ.”

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पंखा एकच आणि त्याच्याखाली कंपनीच्या मॅडम बसल्या होत्या. आमच्या अंगणवाडीला पाण्याचा फिल्टर देणारी ती कंपनी, शिक्रापूरच्या पलीकडची. मॅडमच्या शेजारी आप्पा. सरपंच म्हणजे आप्पांची सून हर्षदा. ती सहीपुरती सरपंच, म्हणून तिला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. साळूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

मी राजश्री. शिरूरहून दौंडकडं निघालं की न्हावऱ्याच्या पुढं आमची वाडी लागते, तिथल्या अंगणवाडीची सेविका. साळूबाई माझ्या मदतनीस. मदतनीस म्हणजे काय, ते पंख्याखाली बसून कळत नाही. घरोघर फिरून पोरं गोळा करायची, एक कडेवर, दोन बोटाला. खिचडी शिजवायची, भांडी घासायची, कुणाची शी धुवायची, कुणाला थोपटून झोपवायचं. नवरा लवकर गेला, एकुलती लेक केंदूरला दिली, मग साळूबाईंना घर म्हणून अंगणवाडीच उरली. वीसेक वर्षं झाली. त्या हॉलमध्ये मिशीला पीळ देऊन बसलेल्या निम्म्या पोरांची नाकं साळूबाईंनी आपल्या पदरानं पुसलेली आहेत. त्यातला एकही तोंड उघडत नव्हता.

साळूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “न्हाई म्हननार.”

“म्हंजी?”

“मी आवळलंच न्हाई आप्पा. मग म्हनू कसं?”

आता तो फिल्टर कसा फुटला, ते पहिल्यापासून सांगते. शांतपणे सांगायचं ठरवलंय, पण माझं डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा आवाज चढला तर चढला.

माघ महिन्यात कंपनीनं फिल्टर दिला. घराघरात असतो तसलाच, फक्त जरा मोठा. भिंतीतल्या लोखंडी पट्टीला टांगलेली तीन निळसर प्लास्टिकची भांडी, प्रत्येकाला वरून पांढरं झाकण, आत पाणी गाळायची कांडी. भांडं आटे फिरवून झाकणात बसवायचं, मध्ये रबराची रिंग. आमची पोरं बोअरचं खारट पाणी पिणारी. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

बसवायचा कुठं, यावरून सुरुवात झाली. मी म्हटलं, आत ओट्याशेजारी. सावली आहे, छपरावरच्या टाकीचं पाणी आहे. आप्पा म्हणाले, बाहेर, रस्त्याकडच्या भिंतीवर. ती भिंत पश्चिमेची, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तिच्यावर ऊन. पण फिल्टरच्या डोक्यावर बोर्ड लागायचा होता, त्यावर कंपनीचं नाव, खाली आप्पांचं नाव, आणि तो बोर्ड रस्त्यावरून दिसायला हवा होता. टाकीची लाइन तिथवर पोचत नव्हती, म्हणून पंचायतीच्या मोटारीची लाइन थेट जोडली. आता मला सांगा, पोरांनी पाणी प्यायचं होतं का उसाच्या ट्रॉलीवाल्यांनी बोर्ड वाचायचा होता?

उद्घाटनाला मांडव घातला. शाली आणल्या, फेटे आणले, फोटोवाला आणला. नारळसुद्धा आणला. फक्त नारळ फोडायला दगड आणला नाही. एवढी शहाणीसुरती माणसं जमलेली, पण नारळ कशावर फोडायचा हे एकाच्याही डोक्यात नाही. आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. पायाखाली नवी फरशी, त्यांच्याच पुतण्यानं ठेका घेऊन घातलेली. तिच्यावर कसा फोडणार? मग त्यांनी सरळ फिल्टरच्या लोखंडी पट्टीवर नारळ हाणला. पहिला घाव चुकला आणि पांढऱ्या झाकणावर बसला. दुसरा पट्टीवर बसला, तशी तिन्ही भांडी थरथरली. तिसऱ्याला नारळ फुटला. पाणी भांड्यांवरून ओघळलं, टाळ्या वाजल्या.

“आप्पा, आवो पलास्टिकाय ते!” साळूबाई ओरडल्या. टाळ्यांमध्ये कुणी ऐकलं नाही.

आठवड्याभरात पहिल्या भांड्याच्या झाकणाखालून थेंब पडायला लागला. साळूबाईंनी खाली तपेली ठेवली; साचलेलं पाणी त्या कढीपत्त्याला घालायच्या. मी थेंबाचा फोटो काढून पंचायतीच्या ग्रुपवर टाकला. आप्पांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्यांदा टाकला, पुन्हा हात जोडले. मग मीच वाडीतल्या सिद्दीक मिस्त्रीला बोलावलं. पंचायतीची मोटार तोच बघतो आणि आसपासच्या घरांतले फिल्टरही.

सिद्दीकनं पाणी बंद करून भांडं खोललं. झाकण उन्हाकडं धरून फिरवलं आणि मला बोटानं दाखवलं.

“ही बघा ताई, केसागत चीर गेलीया. ठोका बसलाय ह्याला.”

“रबराला जरा खोबरेल लावलं तर थांबंल का रं?” साळूबाईंनी विचारलं. खोबरेलावर त्यांचा फार भरवसा. दाराची कडी, पोरांची डोकी, शिलाई मशीन, सगळ्याला एकच औषध.

“आजाबात न्हाई मावशी! तेलानं रबर फुगतं आन् प्लास्टिक उलतं. रिंग निस्ती पुसून बसवायची, भांडं हातानं आवळायचं. हातानं गच्च झालं की बास. लोकं पाना लावून पिळत्यात आन् मग माल खराब म्हणून बोंबलत्यात. पर तुमच्या ह्याला आता कायबी करून उपेग न्हाई, झाकणच बदलाय पायजे. आन् पयलं हे हितनं हलवा. एवढ्या उन्हानं प्लास्टिक पापडागत होतंय. त्यात मोटारीची डायरेक लाइन. लाइट आली की पाण्याचा दणका कसा बसतोय, बघितलाय नव्हं? आत सावलीत घ्या, टाकीवर जोडा, मग काळजी न्हाई.”

मी त्याच पावली आप्पांकडं गेले.

“आत घेतल्यावर बोर्ड कसा दिसायचा?” आप्पा म्हणाले.

“बोर्ड राहू द्या तिथंच. फिल्टर तेवढा आत घेऊ.”

“निस्ता बोर्ड? लोकं हसतील राजश्रीताई. कंपनीची माणसं यायचीत फोटोला, त्येवढं होऊ द्या. मग बघू.”

‘मग बघू’ म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. झाकणसुद्धा बदललं नाही. शेवटी साळूबाईंनी जुन्या लुगड्याची चिंधी फाडून भांड्याभोवती गुंडाळली. थेंब चिंधीवरून सरळ तपेलीत उतरावा, पोरांच्या पायाखाली ओल होऊन कुणी घसरू नये, म्हणून. एवढाच त्यांचा गुन्हा.

चैत्रातली दुपार होती. सकाळपासून लाइट नव्हती. मोनालीची ईश्वरी, चार वर्षांची, पेला घेऊन फिल्टरच्या नळाशी पाण्याची वाट बघत उभी होती आणि मागं साळूबाई. लाइट आली, मोटार सुरू झाली, पाइपात हवा खडखडली आणि पहिलं भांडं झाकणापासून तुटून धाडकन खाली आलं. साळूबाईंनी पोरीला मागं ओढलं म्हणून तिचं डोकं वाचलं. तरी झाकणाचा टवका उडून कपाळाला लागलाच. रक्त बघून मी हादरले. न्हावऱ्याला नेऊन टाके घातले. भांडं साळूबाईंच्या मनगटावर आदळलं होतं, ते त्या बोलल्याच नाहीत. हात सुजून पोळी लाटता येईना, तेव्हा मला कळलं.

मोनाली दवाखान्यात साळूबाईंच्या गळ्यात पडून रडली. “तुमी व्हता म्हून माझी पोर वाचली,” म्हणाली. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि संध्याकाळ व्हायच्या आत वाडीत बातमी फिरली, की साळूबाईंनी पान्यानं आवळलं, म्हणून भांडं फुटलं. पुरावा काय? चिंधी! चिंधी बांधली म्हंजी हात लावला, हात लावला म्हंजी आवळलं बी असंल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बरं, एवढं एक वाक्य कशासाठी हवं होतं? तर कंपनी म्हणत होती, वापरणाऱ्याची चूक असेल तर नवीन फिल्टर देऊ. बसवण्यातच चूक असेल, तर पुढचं सगळं थांबवून आधी बघावं लागेल. पुढचं म्हणजे शाळेला एक नवी खोली. खोलीचा ठेका कुणाच्या पुतण्याला मिळणार होता, ते मी सांगायला नको.

तर त्या हॉलमध्ये साळूबाई “मग म्हनू कसं?” म्हणाल्या आणि मला राहवेना. मी उठले.

“मॅडम, उद्घाटनाचा नारळ कशावर फोडला, ते विचारा यांना. सगळी वाडी होती तिथं. झाकण तेव्हाच चिरलंय!”

आप्पा हसले. “ताई, नारळ देवाचा असतोय. देवाच्या नारळानं कुठं कुणाचं वाईट झालंय का?”

हॉल हसला. मॅडमही हसल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं का कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

कोपऱ्यात सिद्दीक दिसला. “सिद्दीकभाई, झाकणाची चीर तुम्ही स्वतः दाखवलीत मला. सांगा की!”

सिद्दीकनं मान खाली घातली. “मला आता नीटसं ध्यानात न्हाई ताई.” पंचायतीच्या मोटारीचं काम त्याच्याकडं, ते त्याच्या बरोबर ध्यानात होतं. मोनाली उठायला लागली, तर तिच्या नवऱ्यानं, दत्तानं, दंडाला धरून तिला खाली बसवलं. दत्ताला आप्पांनी कंपनीत चिकटवलंय.

“तोंडात मिठाची गुळणी धरलीय का रे सगळ्यांनी?” मी ओरडले.

आप्पांनी आवाज मऊ केला. आप्पांचा आवाज मऊ झाला की मला जास्त भीती वाटते. “साळूबाई, तुम्ही आमच्या घरच्यासारख्या. एका शब्दानं काय झिजतंय का? पोरांना खोली मिळंल. गावाचं भलं हाय.”

“आप्पा,” साळूबाई म्हणाल्या, “माझ्या हातनं पोरीचं कपाळ फुटलं, आसं मीच माझ्या तोंडानं म्हनले, तर उद्या कोन आय माझ्या कडंवर पोर देईल? माझ्याजवळ दुसरं हाय काय?”

मला वाटलं, आता तरी कुणाला लाज वाटेल. आप्पांनी घड्याळ पाहिलं.

“बरं. मग उद्यापास्नं येऊ नका. चौकशी हुईस्तवर घरीच ऱ्हावा.”

साळूबाईंनी चप्पल घातली. घरी न जाता त्या अंगणवाडीत गेल्या, मी पाठोपाठ. पालथी घातलेली पातेली पुसून त्यांनी फळीवर लावली, पोरांची सतरंजी झटकून गुंडाळली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

“ईश्वरीला तिखाट देऊ नगा बाई, तोंड आलंय तिचं,” म्हणाल्या, आणि निघाल्या. मी ओट्याला टेकून रडले. रडण्यापेक्षा रागच जास्त होता, पण डोळ्यांना तो फरक कळत नाही.

साळूबाईंनी ते वाक्य म्हटलं नाही, तर त्यांच्या वतीनं आप्पांनीच म्हणून टाकलं. कंपनीला ते पुरलं. ज्येष्ठात नवा फिल्टर आला आणि कुठं बसवला? त्याच भिंतीवर, त्याच उन्हात, त्याच मोटारीच्या लाइनवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! उन्हाचं काही केलं नाही, दणक्याचं काही केलं नाही, साळूबाईंना मात्र काढलं.

पुन्हा मांडव. पुन्हा शाली, पुन्हा फोटोवाला, पुन्हा मॅडम. सगळी वाडी जमली, कारण नंतर जेवण होतं. शाळेच्या गुरुजींनी पट्टीला हार घातला आणि आप्पांच्या हातात नारळ दिला. मी खाली पाहिलं. दगड नव्हता. खरं सांगते, मला वेड्यासारखं हसू आलं. एक पोरगी रक्तबंबाळ झाली, एका बाईचं काम गेलं आणि यांना अजून दगड आणायचं सुचलेलं नाही! आप्पांनी बाही सारली. पट्टीकडं पाहिलं.

तेवढ्यात रस्त्याकडची माणसं बाजूला व्हायला लागली. साळूबाई येत होत्या. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दगड. त्यांच्या दारापुढचा, पाय धुवायचा, मधोमध झिजलेला काळा दगड. मनगट अजून पुरतं बरं नव्हतं, म्हणून एकाच हातानं धरलेला. कुणीतरी हात द्यायला पुढं झालं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. फिल्टरच्या खाली त्या गुडघ्यांवर बसल्या, दगड उतरवला, हलू नये म्हणून खाली बारकी कपची सारली आणि वरून पदरानं पुसला. मग उठून मागं सरल्या.

“आप्पा,” म्हणाल्या, “ह्याच्यावर फोडा.”

आवाजात राग नव्हता. पोरांना ‘हात धुवून बसा’ म्हणतात, तसंच म्हणाल्या. आप्पांचा नारळाचा हात तसाच वर राहिला. त्यांनी गर्दीकडं पाहिलं, कुणीतरी हसेल म्हणून. मागच्या वेळी हसला तोच हॉल उन्हात उभा होता, पण यावेळी कुणी हसलं नाही. बायकांच्या घोळक्यातून मोनाली पुढं आली. कडेवर ईश्वरी, कपाळावर टाक्यांचा वण. दत्ता मागून काहीतरी पुटपुटला, तिनं ऐकलं नाही. ती साळूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“व्हय आप्पा,” ती म्हणाली. “ह्याच्यावरच फोडा. मागल्यावानी नगं.”

“मागल्यावानी म्हणजे?” मॅडमनी विचारलं. म्हणजे मराठी कळत होतं तर! सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं, आणि मग मॅडमनीही पाहिलं.

दगड जमिनीवर होता. आप्पांना वाकावं लागलं. जाडजूड माणूस, पोटावरचं धोतर सावरत, एक गुडघा टेकवून, साळूबाईंच्या पायांपुढं ते वाकले आणि नारळ हाणला. एका घावात फुटला. टाळ्या वाजवायचं सगळे विसरले. साळूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा उचलून ईश्वरीच्या हातात दिला आणि जेवायला न थांबता आल्या वाटेनं परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणवाडी उघडत होते, तर सिद्दीक दारात. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याकडं न बघताच त्यानं फिल्टर पट्टीसकट उतरवला, आत ओट्याशेजारी बसवला आणि टाकीची लाइन जोडली. रिंगा कापडानं पुसल्या. तिन्ही भांडी हातानं आवळली. पानाही आणला नव्हता.

“आप्पा विचारतील,” मी म्हटलं.

“विचारू द्या.”

“मोटारीचं काम जाईल.”

“जाऊ द्या ताई. मावशीनं माझ्या दोन्ही पोरींना खिचडी घातलीया.” मग हात पुसत म्हणाला, “त्या दिशी बोलाय पायजे व्हतं मी.” मी त्याला ‘असू दे’ म्हटलं नाही. बोलायलाच हवं होतं त्यानं.

आप्पांनी अजून विचारलेलं नाही. बाहेरच्या भिंतीवर आता नुसता बोर्ड आहे, रस्त्यावरून झकास दिसतो, आणि त्याच्याखाली साळूबाईंचा दगड. पोरं त्याच्यावर चढून उड्या मारतात.

चौकशी चालूच आहे. वरच्या हापिसात मी किती खेपा घातल्या, विचारू नका. साहेब कधी मीटिंगला, कधी रजेवर. नवी मदतनीस आली आहे. पोरगी चांगली आहे, तिचा काय दोष? साळूबाई कांद्याच्या रोजावर जातात. जाता-येता अंगणवाडी लागते, पोरं ‘आज्जी, आज्जी’ करत दाराकडं धावतात. साळूबाई पायरीच्या खाली थांबतात.

“आत या ना मावशी,” मी रोज म्हणते.

“नगं बाई. चौकशी हाय न्हवं?” आणि मग मान लांब करून आत ओट्याकडं बघत विचारतात, “गळत न्हाई ना?”

“नाही मावशी. थेंबसुद्धा नाही.”

“मग झालं.”

परवा मी म्हटलं, “तुमचा दगड पाठवून देते घरी. पाय कशावर धुता आता?”

त्यांनी बोर्डाकडं पाहिलं, मग दगडाकडं. डोक्यावरची पाटी सारखी केली.

“ऱ्हाऊ द्या तितंच,” म्हणाल्या. “त्येंला परत लागंल.”